महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी चालू करताना: चावी सगळ्यात शेवटी

गेल्या मे महिन्यात देवरुखजवळच्या आमच्या घरच्या जुन्या गोठ्यात गाडी लावली, वर ताडपत्री टाकली आणि मुंबईला आलो. ‘गणपतीत काढू’ म्हणता म्हणता गणपतीला रजा मिळाली नाही, दिवाळी मुंबईतच झाली, आणि गाडी बाहेर काढायचा मुहूर्त लागला तो शिमग्याच्या चार दिवस आधी. नऊ महिने होऊन गेले होते, आणि त्यात कोकणातला एक अख्खा पाऊस.

ताडपत्री ओढली, चावी घातली, फिरवली. डॅशबोर्डवर एक दिवासुद्धा लागला नाही. चुलतभाऊ म्हणाला, “बॅटरी गेली, दुसरं काय.” त्याचं खरं होतं, पण अर्धंच. त्याच्या गाडीवरून जम्पर दिला (म्हणजे तिच्या बॅटरीची वीज वायरींनी माझ्या गाडीला घेतली), सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटार, जोरात फिरला आणि गाडी तरीही उठली नाही. मग वाडीतले जेवढे जमले होते तेवढ्यांनी ‘पेट्रोल खराब झालंय’ असा निकाल दिला. तोही चुकीचा निघाला. तिसऱ्या दिवशी मेस्त्री आले तेव्हा खरं कारण सापडलं. ते पुढे सांगतो.

बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत बिघाड सहसा एकटा नसतो. रोजची गाडी एक दिवस बंद पडली तर एक कारण शोधायचं असतं. इथे बॅटरी, उंदीर, पेट्रोल, ओल, गंज हे सगळे एकाच वेळी कामाला लागलेले असतात, आणि पहिलं कारण दूर केल्याशिवाय दुसरं दिसतही नाही. म्हणून क्रम पाळायचा. मी पाळला नाही, त्यामुळे अर्ध्या तासाच्या कामाला तीन दिवस लागले.

चावीला हात लावायच्या आधी

बॉनेट उघडा. हातात रबरी मोजे घाला, कारण पुढचा अर्धा तास तुम्ही उंदरांच्या लेंड्या आणि मुतात हात घालणार आहात, आणि लेप्टो कशाने होतो हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. कोकणात किंवा शेतावरच्या घरी असाल तर आधी बॉनेटवर दोन थापा मारा, काठीने खालून जरा खडबडवा. जिथे उंदीर तिथे त्यांच्या मागावर जनावर येतं. धामण बिनविषारी असली तरी बॉनेट उघडल्यावर एकदम समोर आली तर माणूस मागच्या मागे पडतो. शहरातल्या पार्किंगमध्ये बहुधा मांजर किंवा तिची पिल्लं निघतील.

आता काय बघायचं? एअर फिल्टरचा डबा उघडा. बहुतेक गाड्यांत चार-पाच क्लिपा असतात, पाना लागत नाही. माझ्या गाडीत फिल्टरच्या वर मुठीएवढं घरटं होतं: नारळाचा काथ्या, बॉनेटच्या आतल्या अस्तराचा करडा कापूस, सुपारीची टरफलं आणि एका जुन्या बिलाचे कपटे, सगळं नीट विणून गोल केलेलं. बघायला सुंदर होतं. सेल्फ मारताना त्यातला कचरा फिल्टर ओलांडून आत खेचला गेला असता तर सुंदर वाटलं नसतं. फिल्टर बदला, डबा पुसून घ्या.

मग वायरी. त्यांच्यावरची काळी पन्हळी नळी कुठे कुरतडली आहे का, तांब्याची चमक कुठे दिसते का, हे बॅटरीचा टॉर्च तिरपा धरून बघा. सरळ उजेडात ओरखडे दिसत नाहीत. इंजिनच्या वरच्या वायरी सगळेच बघतात. उंदीर मात्र खालून येतो, गिअरबॉक्सवर बसतो आणि तिथेच कुरतडतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

इंजिन ऑइलची पट्टी काढून पुसा, परत घाला, परत काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे; तिथेच थांबा आणि गॅरेजला फोन करा. कुलंटची बाटली बघा, ब्रेक ऑइल बघा. गाडीखाली वाकून जमिनीवर डाग आहेत का बघा, आणि पेट्रोलचा वास येतोय का तेही हुंगा. वास असेल तर चावी फिरवायची नाही, बॅटरीला हात लावायचा नाही.

तुम्ही नसताना गाडीच्या जागी पाणी शिरलं होतं का, हे शेजाऱ्यांना विचारायला लाजू नका. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात बंद घरांखाली उभ्या असलेल्या कित्येक गाड्या बुडाल्या, आणि पाणी ओसरल्यावर बाहेरून धुतलेली गाडी ठीकठाक दिसते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. चिखलाची रेघ तिथे राहते. पाणी इंजिनपर्यंत चढलं असेल तर सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखावर जातं. शिवाय असं नुकसान साध्या विम्यात बहुधा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं कवच घेतलेलं असावं लागतं.

आता चावी ‘ऑन’वर, आणि कान उघडे

एवढं झाल्यावर चावी फिरवा, पण सेल्फपर्यंत नेऊ नका. ‘ऑन’वर थांबा. डॅशबोर्डचे दिवे लागले का? मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद ‘ऊंऽऽ’ असा बारीक आवाज आला का? तो टाकीतला पेट्रोल पंप. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय का? हे बघून झालं की सेल्फ मारा, आणि गाडी काय बोलते ते ऐका.

काहीच नाही, दिवेही नाहीत: बॅटरी पूर्ण मेलेली, किंवा टर्मिनल सुटलेलं अथवा सडलेलं.

‘टक-टक-टक-टक’ असा भरभर आवाज आणि दिवे मंदावतात: बॅटरीत जीव आहे, पण सेल्फ फिरवण्याइतका नाही.

एकच जाड ‘खट्’ आणि शांतता, दिवे मात्र प्रखर: बहुतेक सेल्फ अडकलाय किंवा त्याच्या जाड वायरीचं कनेक्शन गंजलंय. सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकायचं आणि दुसऱ्याने चावी फिरवायची, हा जुना उपाय अजूनही चालतो. तो चालला तर समजा सेल्फचे कार्बन (मोटारीला वीज पोचवणारे आतले ब्रश) संपत आलेत.

दिवे प्रखर, पण ‘खट्’ही नाही: ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे ना, मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबलाय ना, बटणवाली असेल तर ब्रेकवर पाय आहे ना, हे आधी बघा. हसू नका, मेस्त्रीला केलेले निम्मे फोन यातच संपतात. बटणवाल्या गाडीची चावीसुद्धा इतके महिने ड्रॉवरमध्ये पडून असते, तिचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तसं असेल तर बहुतेक गाड्यांत चावीच स्टार्ट बटणाला टेकवून धरली की गाडी तिला ओळखते.

सेल्फ छान फिरतो, पण गाडी उठत नाही: याला वेगळा भाग दिलाय, कारण लोक इथेच चुकतात.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सेल्फची मोटार थोड्या वेळासाठीच बनवलेली असते. सलग मारत राहिलात तर बॅटरी उतरते, मोटार तापते, आणि मूळ बिघाडात आपण दोन नवे बिघाड घालतो.

बॅटरी

बंद गाडीही वीज खाते. अलार्म, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर, म्युझिक सिस्टीमचं घड्याळ हे सगळे थोडं थोडं खात असतात. धरून चाला, ५० मिलिअँपिअर. दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले. छोट्या पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे महिनाभरात ती कोरडी. मार्च २०२० च्या लॉकडाऊननंतर सोसायट्यांमधल्या गाड्या ओळीने बंद निघाल्या, त्यामागे एवढंच गणित होतं. बाहेरून बसवलेलं जीपीएस किंवा पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम असेल तर महिनाही लागत नाही.

साध्या मल्टिमीटरने बॅटरी तपासता येते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा स्वस्तातला मीटरही चालेल. डीसी व्होल्टवर लावून दोन टोकं टर्मिनलना टेकवा. गाडी बंद असताना १२.६ च्या पुढे म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव, आणि ११.८ च्या खाली रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर बंद असताना कितीही दाखवो, बॅटरी थकलेली आहे. माझी ४.१ दाखवत होती. इतकी खाली गेलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग चार्ज केली तरी ती वीज धरून ठेवत नाही. काही ऑटोमॅटिक चार्जर तर अशा बॅटरीला ओळखतसुद्धा नाहीत, ‘बॅटरी जोडलेली नाही’ असंच दाखवतात.

पण नवी घ्यायच्या आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ओता, फेस येऊ द्या, जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण सोपं आहे: निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तर वेल्डिंग होतं. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो, आणि तो घरात कधीच सापडत नाही.

बॅटरीत जीव असेल तर ती काढून चार्जिंगला लावा. ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरचा चार्ज, म्हणजे क्षमतेच्या दहावा हिस्सा. रात्रभर लागेल. हवेशीर जागा हवी, जवळ बिडी-काडी नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. पाणी भरायच्या झाकणांची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं किंवा फिल्टरचं नाही. आणि बॅटरीचा डबा फुगलेला किंवा तडकलेला असेल तर तिला चार्जही करू नका, जम्परही देऊ नका, सरळ बदला. जुनी परत दिली की दुकानदार तिचे पैसे वजा करून देतो.

जम्पर देताना

लाल वायरीचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला. आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर तिच्या इंजिनवरच्या कोऱ्या, रंग नसलेल्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, आणि ती बॅटरीच्या तोंडाशी पडायला नको. दोन गाड्यांची बॉडी एकमेकींना टेकता कामा नये. दुसरी गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना नेमका उलटा क्रम. ट्रकवरून जम्पर घेऊ नका, तिथे सहसा २४ व्होल्ट असतात.

वायरी जाड हव्यात. बाजारात रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये वर जाड रबर आणि आत केसाएवढं तांबं असतं; सेल्फ मारला की ती गरम होते आणि गाडी तशीच राहते.

धक्का मारून? मॅन्युअल गाडी, चावी ऑन, दुसरा गिअर, वेग आल्यावर क्लच सोडायचा, हे सगळ्यांना येतं. पण आताच्या गाड्यांत पंप, इंजेक्टर आणि कॉम्प्युटर विजेवर चालतात. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर डोंगरावरून ढकलली तरी गाडी उठणार नाही. आणि इतक्या महिन्यांनी ब्रेक लागतात की नाही हे तपासलेलं नसताना गाडी उतारावर सोडणं हा वेडेपणा आहे.

सेल्फ फिरतो, पण गाडी उठत नाही

आता माझी गोष्ट पुढे नेतो. इंजिनाला उठायला हवा, पेट्रोल, ठिणगी आणि ती ठिणगी कधी पाडायची याची वेळ, एवढं लागतं. यातलं काय कमी आहे ते पाना न लावताही बरंचसं कळतं.

चावीच्या चित्राचा किंवा इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहिला तर गाडी चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघा. चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चावी अडकवली असेल तर तीही काढा.

पंपाचा आवाज आला नाही तर आधी त्याचा फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे त्याला वीज देणारा डबीसारखा छोटा स्विच. शेजारी तशाच नंबरचा रिले असतो, बऱ्याचदा हॉर्नचा. तो अदलाबदल करून बघायला पाच मिनिटं लागतात. पंप बरेच महिने बसून राहिल्याने अडकलेला असू शकतो. मागच्या सीटखाली टाकीवर, पंपाच्या बाजूला, रबरी हातोडीने एक-दोन हलके ठोके देऊन बघा. आवाज आला तर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी तीन सेकंद थांबून. यामुळे लायनीत प्रेशर चढतं. त्यानंतरच सेल्फ.

पेट्रोलचं म्हणाल तर, आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. अर्धी रिकामी टाकी आणि कोकणातला पावसाळा, म्हणजे ओलीला आत मोकळी जागा. तीन महिन्यांपर्यंत सहसा काही होत नाही. सहा महिन्यांच्या आसपासचं असेल तर नवं पेट्रोल भरून पातळ करून घेता येतं. त्यापुढे मेस्त्रीकडून थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून घ्या आणि दहा मिनिटं उभं ठेवा. खाली वेगळा थर दिसला, रंग गडद चहासारखा आला, किंवा पेट्रोलऐवजी व्हार्निशसारखा वास आला तर टाकी रिकामी करणं हाच उपाय. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नका. गावाकडे अजूनही लोक काढतात. ते फुप्फुसात गेलं तर थेट हॉस्पिटल.

माझ्या बाटलीत थर नव्हता, वास ठीक होता. म्हणजे वाडीचा निकाल रद्द.

मेस्त्रींनी आल्या आल्या काय विचारलं? “भाऊ, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का?” मी कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी मारायला लावला. काटा शून्यावर ढिम्म. “मग तिला कळतच नाही इंजिन फिरतंय ते.”

इंजिन फिरतंय की नाही हे कॉम्प्युटरला सांगतो तो क्रँक सेन्सर. त्याचा निरोप आला नाही तर कॉम्प्युटर ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना काटा थोडा तरी थरथरतो. तो मेलेला असेल तर संशय आधी तिकडेच घ्यावा. मेस्त्री गाडीखाली शिरले, गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हात घातला आणि दोन बोटांत एक वायर धरून मला बोलावलं. काळं वेष्टण इंचभर सोललेलं, आतल्या दोन वायरींपैकी एक तुटलेली, टोकाला तांबं हिरवं पडलेलं आणि कडेला बारीक दातांच्या ओळी. सोल्डर केलं, वर आखडणारी प्लास्टिकची नळी चढवली, टेप गुंडाळली. पंधरा मिनिटं. नुसती पीळ मारून टेप लावू देऊ नका. पुढच्या पावसात तो जोड परत हिरवा होतो.

ज्यांना आधीच शोधायचं आहे त्यांनी ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर घ्यावा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला की मोबाइलवर बिघाडाचे कोड दिसतात. माझ्याकडे असता तर पी०३३५ आला असता, म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, आणि तीन दिवस वाचले असते. जुन्या पद्धतीने प्लग काढून बघितला तरी अंदाज येतो: खूप सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही. ओला असेल तर प्लग पुसून वाळवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून दहा सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या तेवढ्यात पेट्रोल बंद करतात आणि साचलेलं उडून जातं.

सीएनजी, डिझेल आणि जुनी आठशे

सीएनजीवाल्यांची वेगळीच फजिती असते. बहुतेक गाड्या उठतात पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात, पण आपण महिनोन्‌महिने टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून फिरतो. तेच दोन लिटर वर्ष-दीड वर्ष जुनं असतं. आधी पाच-सात लिटर ताजं पेट्रोल घाला. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि चावीला हात लावू नका. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी लागते. तारीख पाटीवर असते.

डिझेलला फिल्टरमधलं पाणी आधी काढा, खाली छोटा स्क्रू असतो. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, लायनीतली हवा गेली पाहिजे. स्प्रिंगसारख्या चित्राचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ. डिझेलचं इंजिन जास्त दाबावर पेटतं, त्यामुळे अर्धवट बॅटरीवर ते मुळीच उठत नाही.

कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० अजून गावोगावी आहे. तिच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते, ती जेटमध्ये बसते. चोक ओढून दोन-तीनदा प्रयत्न करा. नाही उठली तर कार्ब्युरेटर उतरवून धुवायला द्या. तिथे जास्त डोकं लावायची गरज नाही.

वर्ष-दोन वर्षं उभी असेल तर

सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल निथळून गेलेलं असतं, रिंगा कोरड्या असतात. प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून टॉप गिअरमध्ये गाडी हळूच पुढे ढकला. इंजिन फिरलं तर चाकं फिरतील; चाकं जमिनीवर घासत राहिली तर एकतर इंजिन धरलंय नाहीतर ब्रेक. जोर लावू नका. इंजिन मोकळं असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून आणि कॉइलची पिनं काढून दोन-तीन छोटे सेल्फ मारा, ऑइल वरपर्यंत चढू द्या. मग प्लग लावा. जुनं ऑइल आणि फिल्टर सुरू व्हायच्या आधीच बदललेलं चांगलं.

उठली. आता लगेच रेस करू नका

आमची दुसऱ्या सेल्फला उठली. पहिली दोन मिनिटं टॅपेटचा टकटकाट होता, मागून पांढरा धूर आणि सायलेन्सरमधून गंजाचं पाणी. हे चालतं. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझलाच पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. निळा धूर दहा मिनिटांनीही थांबला नाही तर मेस्त्रीला दाखवा. गाडी बंद खोलीत किंवा शटर खाली ओढून चालू ठेवू नका. त्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

गाडी चालू असताना बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ आलं तर अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरणारा जनित्र, ठीक. काही जुने मेस्त्री चालू गाडीचं टर्मिनल काढून ‘बघा, चालतेय’ असं दाखवतात. आपल्या गाडीला ते करू देऊ नका. विजेचा झटका बसून कॉम्प्युटर जातो. आणि दारात अर्धा तास नुसती चालू ठेवून मेलेली बॅटरी भरत नाही. त्यासाठी चार्जरच हवा.

गाडी हलवायच्या आधी ब्रेक तीन-चार वेळा दाबून बघा. पायाखाली कठीण लागला पाहिजे; जमिनीपर्यंत गेला तर गाडी तिथेच राहू दे. हँडब्रेक ओढून ठेवली असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. फर्स्ट आणि रिव्हर्स आळीपाळीने टाकून हलकं डोलवा, ‘टण्ण’ करून सुटतात. नाही सुटले तर चाक काढून ड्रमच्या कडेने लाकडी हातोडीने ठोका. पुढच्या डिस्कवरचा लाल गंज दहा-बारा ब्रेकमध्ये खरवडून जातो, तेवढा वेळ ‘खर्र’ आवाज येईल.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल, किंवा पडताच गाडी उडी मारत असेल, तर क्लच प्लेट बहुधा फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चकतीला) गंजाने चिकटली आहे. पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. गाडी गरम झाल्यावर मोकळ्या मैदानात सोडवता येते, पण ज्याने आधी केलंय त्यानेच करावं.

टायरमध्ये हवा गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेली असते तेवढी, स्टेपनीसकट. पहिले काही किलोमीटर धडधड येईल, टायर एका जागी चपटा झालेला असतो; गरम झाला की गोल होतो. तासभरानेही धडधड राहिली तर टायर गेला. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही राहिलेली असो, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा असतील तर त्यावर घाट उतरू नका.

कागद

गाडी उभी होती तरी विम्याची तारीख उभी राहत नाही. थर्ड पार्टी विम्याशिवाय रस्त्यावर आणलेल्या गाडीला पहिल्या वेळी दोन हजारांचा दंड आहे, आणि अपघात झाला तर भरपाई स्वतःच्या खिशातून. मुदत संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दलची सूट) जातो. पीयूसी बहुधा संपलेलं असेल. ते काढायला गाडी गरम करून न्या. १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी आरटीओतून नूतनीकरण केलीय का तेही बघा. हे सगळं ऑनलाइन बघता येतं, गाडी अजून गोठ्यात असतानाच बघून ठेवा.

परत लावताना

शिमगा झाला, पालखी आमच्या दारातून पुढे गेली, आणि गाडी पुन्हा गोठ्यात. यावेळी टाकी गळ्यापर्यंत भरली, टायरला चार-पाच पौंड जास्त हवा मारली, हँडब्रेक सोडून फर्स्ट गिअर टाकला आणि चाकांना लाकडी पाचर लावली. बॉनेटखाली तंबाखूची पानं टाकायला वाडीतल्या चौघांनी सांगितलं. टाकली, महिनाभरात वास उडतो, त्यामुळे त्यावर भरवसा नाही. त्याऐवजी गोठ्यातली सुपारीची पोती बाहेर हलवली आणि सायलेन्सरच्या तोंडात जाळीचा बोळा घातला. तो बोळा विसरू नये म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी बांधली आहे.

चुलतभावाकडे चावी दिली आहे. त्याने दर पंधरा दिवसांनी यायचं, बॅटरीचं काढून ठेवलेलं निगेटिव्ह लावायचं, अर्धा तास गाडी फाट्यापर्यंत फिरवून आणायची आणि निगेटिव्ह परत काढायचं. दहा नंबरचा पाना गोठ्याच्या खांबाला खिळा ठोकून तिथेच अडकवून ठेवलाय.